खुळखुळा झालेली गाडी आणि चार मार्कांचा प्रश्न

'थिअरी ऑफ मशिन्स'च्या पेपरात एक प्रश्न हमखास असतो. डेव्हिस आणि ॲकरमन स्टेअरिंगमधला फरक लिहा, मार्क चार. उत्तर आपल्या सगळ्यांना तोंडपाठ. डेव्हिसची यंत्रणा गणिताने कुठल्याही कोनात बरोबर, पण तिच्यात सरकते सांधे असतात, ते झिजतात, म्हणून ती वापरात नाही. ॲकरमनमध्ये सगळे फिरते सांधे. ती बरोबर असते फक्त तीन ठिकाणी: गाडी सरळ असताना, आणि डावीकडे-उजवीकडे एकेका ठरावीक कोनात. तरीसुद्धा वापरतात हीच. आकृती काढायची, सूत्र लिहायचं, चार मार्क खिशात.

(जाता जाता: ती मूळ कल्पना ॲकरमनची नव्हेच. म्युनिकच्या लांकेन्स्पर्गर नावाच्या बग्गीवाल्याने ती काढली आणि ॲकरमनने त्याचा एजंट म्हणून १८१८ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. जर्नल एकाने लिहायचं आणि नाव दुसऱ्याचं, ही प्रथा आपल्या होस्टेलवर सुरू झाली असं ज्यांना वाटतं त्यांनी नोंद घ्यावी.)

मला त्या उत्तरातला एकच शब्द उचलायचाय: झिजतात. गणिताने बरोबर असलेली यंत्रणा का टाकून दिली, तर ती झिजते म्हणून. इतका मोठा निकाल, आणि आपण तो अर्ध्या ओळीत उरकून पुढच्या प्रश्नाकडे जातो. झिजलेला सांधा हातात घेऊन तो किती झिजला, कुठल्या बाजूने झिजला आणि का झिजला, हे बघायची वेळ चार वर्षांत आपल्यावर येत नाही. ट्रायबॉलॉजी इलेक्टिव्हला आहे म्हणा. किती जण घेतात ते ऑफिसला विचारा.

हे सगळं आत्ता सुचायचं कारण म्हणजे आपला छकडा.

नवीन आलेल्यांसाठी सांगतो. वर्कशॉपच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये जी सहा सीटची पांढरी बॅटरीवरची गाडी उभी आहे, ती म्हणजे छकडा. बिलावर तिचं नाव 'गोल्फ कार्ट'. आपल्याकडे गोल्फ नाही, आहे ते क्रिकेटचं मैदान, आणि पावसाळ्यात तिथे म्हशी. पण आपल्या देशात या गाड्या गोल्फपेक्षा रेल्वे स्टेशनवर, मोठ्या हॉस्पिटलात आणि प्राणिसंग्रहालयातच जास्त दिसतात, तेव्हा त्यात नवल नाही. मेन गेट ते ॲडमिन, तिथून लायब्ररीचा चढ, मग लेडीज होस्टेल, मग दवाखाना. चौदा वर्षं हा रूट. कुणाचे आईवडील आले, कुणाला ताप चढला, कुणाचा पाय फुटबॉलमध्ये मोडला, की छकडा.

ऑगस्टमध्ये लायब्ररीच्या उतारावर ती डावीकडे गेली आणि बदामाच्या पारावर चढली. आत तिघं होते, कुणाला लागलं नाही. चौकशी झाली, आणि दोन ओळींचा निष्कर्ष निघाला: चालकाचा निष्काळजीपणा, व वाहन जुने असल्याने निर्लेखित करण्यात यावे. निर्लेखित म्हणजे भंगारात. या अंकाचं प्रूफ तपासताना फाइल पुढच्या सहीला गेली होती.

आता काकांची बाजू. गाडी चालवणारे काका गेली दोन वर्षं सांगत होते, "स्टेरिंगला प्ले आलाय, गाडी डाव्या अंगाला ओढती." रजिस्टरमध्ये त्यांनी तसं लिहिलंय, मी स्वतः वाचलंय, सहा वेळा. सहाव्या वेळी त्यांनी नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहिलंय. अशा माणसाला निष्काळजी म्हणायचं असेल तर ज्यांनी ते रजिस्टर उघडलं नाही त्यांना काय म्हणायचं, हा शब्द मला मासिकात छापता येणार नाही.

पण दगड मारण्याआधी आमचंही एक पाप सांगून टाकतो. गेल्या वर्षी छकड्याच्या पुढच्या टायरांची आतली कड सफाचट झाली होती. टायरवरून हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं. आम्ही मेकॅनिकलचे चौघं, ऑटोमोबाइलचा पेपर नुकताच दिलेला, अंगात उत्साह. म्हटलं, टो-इन बिघडलंय. टेप लावली, टाय रॉडचे लॉक नट ढिले केले, रॉड फिरवला, दोन चाकांमधलं अंतर मागच्यापेक्षा पुढून ३ मिमी कमी केलं, नट आवळले, फोटो काढला. काकांनी चहा पाजला. दोन महिन्यांत नवे टायरही तसेच झाले.

कारण आता कळतंय. मागच्या चाकांवर चालणारी गाडी पुढे जाताना पुढची चाकं रस्त्याच्या विरोधामुळे बाहेरच्या बाजूला उघडायला बघतात. म्हणून तर उभ्या गाडीत थोडं टो-इन ठेवायचं असतं. पण सांध्यांमध्येच ढिलाई असेल तर उभ्या गाडीत टेपने मोजलेले ३ मिमी हे खोटे ३ मिमी. गाडी सुटली की ढिलाई सगळी एका बाजूला गोळा होते आणि चाकं फाकतात, टायर आतून खाल्ले जातात. आम्ही आजारी माणसाचा थर्मामीटर दुरुस्त केला होता. वर त्यामुळे सगळ्यांना वाटलं, पोरांनी गाडी ठीक केली, आणि काकांच्या तक्रारीचं वजन आणखी घटलं. पारावर गाडी चढली त्यात आमचाही हात आहे, हे मी इथे लिहून ठेवतो.

अपघातानंतर वर्कशॉपच्या मामांची परवानगी घेऊन आम्ही गाडी उचलली. मागच्या चाकांना दगड, बॅटरीची मेन वायर काढलेली, पुढचा एक्सल दोन घोड्यांवर. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, हे मामांनी तीनदा सांगितलं, मी चौथ्यांदा सांगतो.

पुस्तकात लिहिल्याप्रमाणे घड्याळाच्या बारा आणि सहावर हात ठेवून चाक हलवलं. डावं चाक खाडखाड वाजलं, उजवंही थोडं हललं. आता ढिलाई किंग पिनची की चाकाच्या बेअरिंगची? पुस्तकातली युक्ती अशी की दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा. हलणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर किंग पिन. एकाने ब्रेक दाबला. हलणं जसंच्या तसं, दोन्ही चाकांचं. आम्ही दोन्हीकडे 'किंग पिन' असं वहीत लिहून मोकळे. मामा बिडी विझवत म्हणाले, "अरे इंजिनेर लोकहो, हिला फुडं ब्रेकच न्हाईत. दाबून काय व्हणार?"

खरंच नव्हते. अशा गाड्यांना बहुतेक वेळा ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. आमची युक्ती मोटारीची होती, गाडी मोटार नव्हती. मग मामांनी डोळ्यांनी बघायला लावलं. एकाने चाक हलवायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन खाली बघायचं. स्टब एक्सल जर एक्सलच्या डोळ्यात हलत असेल तर किंग पिन आणि बुश. स्टब स्थिर आणि त्याच्यावर नुसता हब हलत असेल तर बेअरिंग. डावीकडे किंग पिनचा बोऱ्या वाजला होता. उजवीकडे फक्त बेअरिंगचा नट आवळायला हवा होता. आमच्या वहीप्रमाणे गेलो असतो तर उजवीकडची चांगली पिन उगीच ठोकून काढली असती.

तसंच तीन आणि नऊवर हात ठेवून. तसंच स्टेअरिंग व्हील. ते चार बोटं फिरेपर्यंत टायर जागचा हलत नव्हता. एकाने व्हील हळूहळू डावीउजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्याने खाली पडून एकेका सांध्यावर हात ठेवत जायचं. हाताला आधी कळतं, डोळ्याला नंतर दिसतं. रॅक अँड पिनियन जवळजवळ ठणठणीत निघाला. डावीकडचा टाय रॉड एंड पार गेलेला, त्याचं रबरी बूट फाटून आत माती. रॅकपासून येणाऱ्या दांड्याचा एक बॉल जॉइंट ढिला. आणि ज्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं ते म्हणजे पुढच्या पाट्यांचे रबरी बुश. ते चुरा झाले होते. त्यामुळे अख्खा एक्सलच पाट्यांबरोबर पुढेमागे सरकत होता. असा एक्सल एका बाजूने सरकला की स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी स्वतःच वळते.

हे सांगण्याचं कारण असं की बाहेरच्या एका मेकॅनिकने नुसतं व्हील हलवून अख्खा स्टेअरिंग बॉक्स बदलायला सांगितला होता आणि त्याच कोटेशनवर 'दुरुस्ती परवडणारी नाही' असा शेरा पडला. जो भाग चांगला होता त्याच्या किमतीवर गाडी मारली.

डावी पिन डिझेल टाकून रात्रभर ठेवली, सकाळी निघाली. निघाल्यावर जे दिसलं ते प्रत्येक सेकंड इयरवाल्याला दाखवायला हवं. पिन गोल झिजली नव्हती. वरच्या टोकाला एका बाजूने आणि खालच्या टोकाला नेमक्या उलट बाजूने झिजली होती, कारण चाकाचा भार पिनेला तिरपं करत राहतो. मायक्रोमीटरने मोजली, बुशाचा बोअर मोजला. दोन्ही बुशांत मिळून बघा: वर अर्धा मिमी, खाली अर्धा मिमी ढिलाई, दोन बुशांमधलं अंतर साधारण १०० मिमी. म्हणजे चाकाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ०.०१ रेडियन झुलायला जागा. टायर १८ इंची, त्रिज्या २२९ मिमी. टायरच्या काठावर सव्वादोन मिमी, आणि हा एकाच सांध्याचा हिशेब. यात टाय रॉड एंड मिळवा, बॉल जॉइंट मिळवा, पाट्यांचे बुश मिळवा. मेट्रॉलॉजीत आपण टॉलरन्सची बेरीज शिकतो ती कागदावरच्या नव्या भागांची. चौदा वर्षांनी तीच बेरीज गाडीखाली पडून करावी लागते.

आणि झिजली का? पिनेला ग्रीस निपल आहे. पण मध्यंतरी कमिटी येणार होती, तेव्हा गाडीला रंग मारला होता. निपलसकट. ग्रीस गन लावली तर रंगाचं पापुद्रं आणि खाली गंज. काका म्हणतात, "रंगवल्यापास्नं ती ग्रीस घेईना." ही बाब आपल्या संस्थेबद्दल पुष्कळ काही सांगते, पण असो.

तर माझं म्हणणं. गाडी भंगारात काढू नये, आणि तिचा पुढचा भाग विद्यार्थ्यांनी आपल्याच वर्कशॉपमध्ये दुरुस्त करावा. बुश आपल्याला जमण्यासारखे आहेत. गनमेटलचा तुकडा लेथवर लावून बाहेरचा व्यास प्रेस फिटला टर्न करायचा, आतून किंचित कमी ठेवायचा, हातप्रेसने बसवायचा. हातोड्याने नाही. बसवताना बुश दाबला जाऊन बोअर आणखी लहान होतो, म्हणून रीमर बसवल्यानंतरच मारायचा, आणि वरचा-खालचा दोन्ही बुश एकाच लांब रीमरने, म्हणजे दोन्ही एका रेषेत येतात. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, पिन आणि पाट्यांचे रबर नवे विकत आणायचे. तिथे जुगाड नाही, वेल्डिंग तर अजिबात नाही. कॅसल नटचं भोक जुळलं नाही तर नट आणखी आवळायचा, ढिला करायचा नाही, आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी. शेवटी टो-इन. शेवटीच. आमचा खर्चाचा अंदाज दहा हजारांच्या आत आहे. नवी गाडी लाखांत जाते.

आमच्या एका सरांनी यावर विचारलेला प्रश्न मात्र टाळता येण्यासारखा नाही. ते म्हणाले, "उद्या उतारावर टाय रॉड सुटला तर सही कोणाची?" पोरं उत्साहात करतील, परीक्षा आली की पसार होतील, आणि गाडी चालेल वर्षभर. हे खरं आहे, आमचा टो-इनचा पराक्रम समोर आहेच. म्हणून मी 'आमच्यावर सोडा' असं म्हणत नाही. प्रत्येक सांधा आवळल्यावर मामांनी तपासावा, शेवटी सरांनी आणि या गाड्यांचं काम करणाऱ्या बाहेरच्या माणसाने बघावं, सिटांवर वाळूची पोती ठेवून मैदानात आठवडाभर चालवावी आणि मगच माणसं बसवावीत. मटेरियल लॅबमध्ये डाय पेनिट्रंटचं किट धूळ खात पडलंय. त्याने स्टब एक्सल आणि एक्सलचे डोळे तपासावेत. तिथे केसाएवढी चीर दिसली आणि नवा भाग मिळाला नाही, तर मी स्वतः गाडी भंगारवाल्याच्या टेम्पोत ढकलायला येईन. पण तपासून. न बघता नाही.

राहता राहिला प्रश्न वेळेचा. फर्स्ट इयरला आपण सगळे फिटिंगचा जॉब घासतो. आठ प्रॅक्टिकलं घासून घासून हाताला फोड येतात, जॉब सरांच्या टेबलावर जातो, तिथून पेटीत, पेटीतून भट्टीत. कुठल्याही मशिनला तो तुकडा कधी लागत नाही. त्याच तासांत चार बुश झाले असते. आणि बाहाची टीम? बाहाबद्दल मला आदर आहे, माझे दोन रूममेट तिच्यात आहेत, रात्र रात्र वेल्डिंग करतात. पण शून्यातून नवी गाडी बनवायला आपल्याकडे स्पॉन्सर मिळतो, टी-शर्ट मिळतो, गॅरेज मिळतं. चालू गाडी चालू ठेवायला एक ग्रीस गन मिळत नाही. बायोडाटावर 'किंग पिन बुश बदलला' असं लिहिलं तर इंटरव्ह्यूला हसतील, अशी भीती मला एका टीममेंबरने बोलून दाखवली. माझ्या मते उलट आहे. तो बुश का झिजला हे ज्याला सांगता येतं, त्याला विचारण्यासारखं पुष्कळ असतं.

लेडीज होस्टेलमधली सेकंड इयरची एक मुलगी कॅलिपर घालून चालते. होस्टेल ते ड्रॉइंग हॉल मधे लायब्ररीचा चढ आहे. छकडा बंद झाल्यापासून ती पावणेआठला निघते आणि साडेआठच्या प्रॅक्टिकलला पोचते. मी तिला विचारलं, लेखात तुझा उल्लेख केला तर चालेल का. ती म्हणाली, "माझी दया यावी म्हणून गाडी दुरुस्त करणार असाल तर नको. आणि तुम्हीच करणार असाल तर आधी मामांना दाखवा, मागच्या वेळचं मला माहितेय." ड्राफ्टर खांद्यावर टाकून ती पुढे गेली. बुशाचं ड्रॉइंग तिच्याकडून काढून घ्यावं असा आमचा विचार आहे, आमच्या चौघांत कुणाचीच शीट तेवढी स्वच्छ येत नाही.

अर्ज वर्कशॉप सुपरिंटेंडेंटांकडे दिलाय, सोबत मोजमापांचा तक्ता आणि काकांच्या रजिस्टरच्या सहा पानांची झेरॉक्स. निर्लेखनाची फाइल पुढे जाण्याआधी ज्यांना गाडीखाली शिरून स्वतः बघायचंय, स्टाफसकट, त्यांनी शनिवारी तीन वाजता शेडमध्ये यावं. जुने कपडे घालून या. आणि शेडमधून लाल रंगाची ग्रीस गन कुणी नेली असेल तर तेवढी मामांकडे आणून द्या, नाव विचारणार नाही.